मोबाइलचा कॉल कॉम्प्युटरच्या हेडसेटवर: ब्लूटूथ इथे नेमकं काय करतं

मी सांगलीच्या मार्केट यार्डात एका हळदीच्या अडत पेढीचे हिशेब बघते. जानेवारीत नवी हळद यायला लागली की आमच्याकडे सकाळी सौदे आणि दुपारपासून पट्ट्या, असा दिवस ठरलेला असतो. पट्टी म्हणजे शेतकऱ्याचा हिशेब: किती पोती आली, वजन किती भरलं, दर काय निघाला, हमाली-तोलाई किती गेली, हातात किती आले. हे सगळं मी कॉम्प्युटरवर भरत असते, आणि त्याच वेळी फोन वाजत असतो. "ताई, आमची पट्टी झाली का? दर काय निघाला?" दोन्ही हात कीबोर्डवर असतात, त्यामुळे मोबाइल जातो कान आणि खांदा यांच्या मध्ये. तीन-चार हंगाम हेच केलं आणि गेल्या उन्हाळ्यात मान अशी धरली की डावीकडे वळेना. मिरजेच्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी मानेला हात लावायच्या आधीच विचारलं, "फोन खांद्यात धरून बोलता का?"

हे ऐकल्यावर पेढीच्या अण्णांनी कपाटातून एक हेडसेट काढून दिला. नातवाची शाळा लॉकडाउनमध्ये घरून चालायची तेव्हाचा. कानाला दोन गाद्या, तोंडापुढे छोटा माइक आणि वायरच्या टोकाला दोन पिना, एक हिरवी, एक गुलाबी. अण्णा म्हणाले, "पडूनच आहे बघ. हा कानाला लाव आणि मोबाइलवर बोल की."

सांगणं सोपं होतं. करायला मला दोन दिवस लागले, आणि ते दोन दिवस हेडसेट खराब होता म्हणून गेले नाहीत. ब्लूटूथ म्हणजे काय हे मला कळलंय असं वाटत होतं, तिथेच चूक होती. आमच्या यार्डातच दहा-बारा जणी अशाच मान वाकडी करून बोलतात, म्हणून हे सगळं नीट लिहून काढते आहे.

आधी त्या पिनांचं बघू, कारण पहिला प्रयत्न सगळे तिथेच करतात. कॉम्प्युटरच्या जुन्या हेडसेटला दोन पिना असतात, कारण आवाज आत न्यायचा रस्ता आणि बाहेर काढायचा रस्ता कॉम्प्युटरला वेगवेगळा असतो. हिरवी पिन कानाची, गुलाबी माइकची. मोबाइलला मात्र एकच भोक, तेही असलं तर. पिन हातात घेऊन जवळून बघा. कॉम्प्युटरच्या पिनेवर दोन काळ्या रेघा दिसतील, म्हणजे धातूचे तीन भाग. मोबाइलच्या इअरफोनच्या पिनेवर तीन काळ्या रेघा असतात, म्हणजे चार भाग: टोकाला डावा कान, मग उजवा कान, मग अर्थिंग आणि शेवटी माइक. आमच्या हेडसेटची हिरवी पिन मोबाइलमध्ये घातली तर ऐकू येईल, पण हेडसेटचा माइक मोबाइलपर्यंत पोचणारच नाही. पलीकडचा माणूस "हॅलो, हॅलो" करत बसेल, किंवा मोबाइलचा स्वतःचा माइक लांबून तुमचं बोलणं उचलेल.

दोन पिनांची एक करणारा छोटा कनेक्टर मिळतो. ज्यांच्या मोबाइलला अजून गोल भोक आहे त्यांनी तो घेतला तर काम तिथेच संपतं, ब्लूटूथच्या वाटेला जायची गरज नाही. फक्त एक बघा, काही जुन्या मोबाइलमध्ये माइक आणि अर्थिंग यांच्या जागा उलट असायच्या, त्यामुळे जुन्या फोनवर जुनाट कनेक्टर लावला की आवाज पोकळ येतो. माझ्या मोबाइलला भोकच नाही, नुसतं सी-टाइप. त्याचे कन्व्हर्टर दोन जातींचे असतात. काहींत नुसत्या तारा, काहींत आवाजाची छोटी चिप. प्रत्येक मोबाइलला दोन्ही चालतीलच असं नाही. शिवाय चार्जर लावायचा तर हेडसेट काढायचा. मला ते नको होतं.

मग राहिला मार्ग ब्लूटूथचा. हेडसेटला ब्लूटूथ नाही, पण पेढीच्या कॉम्प्युटरला आहे आणि मोबाइललाही आहे. विचार असा: हेडसेट वायरने कॉम्प्युटरला, कॉम्प्युटर ब्लूटूथने मोबाइलला. यार्डातल्या माणसाला हे चटकन समजेल, कारण इथे कॉम्प्युटर अडत्या आहे. शेतकरी आणि खरेदीदार एकमेकांशी थेट व्यवहार करत नाहीत, दोघांचा संबंध पेढीशी. तसंच मोबाइलला हेडसेटचा पत्ताच नसतो. हेडसेट पाचशेचा आहे की पाच हजारांचा, वायरचा आहे की यूएसबीचा, मोबाइलला काही घेणं नाही. त्याला समोर दिसतो तो फक्त कॉम्प्युटर.

मी मोबाइलचं ब्लूटूथ चालू केलं, कॉम्प्युटरचं चालू केलं, दोघांची जोडी लावली. दोन्ही पडद्यांवर सहा आकडी नंबर आला, सारखाच होता, दोन्हीकडे "हो" म्हटलं. पेअर झालं. मोठ्या आनंदाने घरी फोन लावला. आवाज मोबाइलमधूनच. हेडसेटमध्ये चिडीचूप. जोडी काढून पुन्हा लावली, कॉम्प्युटर बंद करून चालू केला, परत तेच. विंडोज "पेअर्ड" म्हणत होतं आणि कॉल काही यायचं नाव घेत नव्हता.

सगळी गोम इथे आहे. पेअर होणं म्हणजे नुसती ओळख होणं. ओळख झाल्यावर एकमेकांसाठी काय काम करायचं, हे वेगळं ठरतं.

ब्लूटूथमध्ये प्रत्येक कामाची एक ठरलेली रीत असते, तिला प्रोफाइल म्हणतात. गाणी ऐकायची रीत वेगळी, फाइल पाठवायची वेगळी, माउस-कीबोर्डची वेगळी. कॉलच्या रीतीचं नाव हँड्सफ्री प्रोफाइल. तिच्यात दोन बाजू असतात. एक बाजू कॉल आणणाऱ्याची, तिला ऑडिओ गेटवे म्हणतात, म्हणजे आवाजाचं दार. बाहेरच्या जगातून कॉल या दारातून येतो. दुसरी बाजू हँड्सफ्रीची, म्हणजे कान आणि तोंड. ती आवाज ऐकवते, बोलणं उचलते आणि "कॉल घे", "कॉल ठेव" एवढे हुकूम दाराला पाठवते. गाडीतला ब्लूटूथ स्पीकर ही हँड्सफ्री बाजू, तुमचा मोबाइल हा गेटवे.

आता कॉम्प्युटर रोजच्या वापरात कुठल्या बाजूला असतो? तुम्ही ब्लूटूथचा हेडसेट कॉम्प्युटरला जोडून मीटिंग करता, तेव्हा हेडसेट कान असतो आणि कॉम्प्युटर दार. म्हणजे कॉम्प्युटरला सवय दार व्हायची. मोबाइल तर जन्मापासून दारच. दोघांना शेजारी बसवलं की दोन्ही दारं. लग्नाला दोन्हीकडून वरपक्षच आला तर लग्न लागणार कुणाशी? मोबाइल कान शोधतोय, कॉम्प्युटरही कान शोधतोय, आणि दोघं एकमेकांना ओळखत असूनही कॉल कुठेच जात नाही.

म्हणून कॉम्प्युटरला या एका नात्यात वधूपक्ष व्हावं लागतं. त्याने मोबाइलला सांगायचं, "मी तुझा हेडसेट आहे." एकाच माणसाला एका लग्नात वरपक्ष आणि दुसऱ्यात वधूपक्ष होता येतं, तसं कॉम्प्युटरलाही दोन्ही जमतं. पण ते आपोआप होत नाही. कॉम्प्युटरवर एखादं ॲप लागतं जे ही कानाची बाजू घेईल, कॉल आल्याची घंटा दाखवेल, घ्यायचं-ठेवायचं बटण देईल. जोडी लागली पण आवाज येत नाही, अशी तक्रार असेल तर आधी हे तपासा. हेडसेट, वायर, आवाजाचं बटण हे सगळं नंतर.

थोडं बाजूला जाऊन सांगते, कारण मला हे वाचून बरं वाटलं होतं. ब्लूटूथचं काम १९९४ मध्ये स्वीडनमधल्या लुंड शहरात एरिक्सन कंपनीत सुरू झालं, आणि बिनतारी हेडसेट हा त्यामागचा एक मूळ हेतू होता. पुढे १९९८ मध्ये एरिक्सन, नोकिया, इंटेल, आयबीएम आणि तोशिबा अशा पाच कंपन्या एकत्र आल्या. नाव आहे दहाव्या शतकातल्या डेन्मार्कच्या हॅराल्ड ब्लूटूथ या राजाचं. त्याने विखुरलेल्या लोकांना एका छत्राखाली आणलं, तसं हे तंत्र वेगवेगळ्या यंत्रांना एकत्र आणेल, अशी कल्पना. म्हणजे मोबाइल आणि कॉम्प्युटर यांनी एकमेकांशी बोलावं, ही मागणी काही जगावेगळी नाही.

आता विंडोजवर हे कसं केलं ते सांगते. विंडोज १० आणि ११ मध्ये फोन लिंक नावाचं ॲप असतं, आधी त्याचं नाव युअर फोन होतं. अँड्रॉइड मोबाइलवर त्याचा जोडीदार ॲप घ्यावा लागतो, लिंक टू विंडोज. काही मोबाइलमध्ये तो आधीपासून असतो. कॉम्प्युटरवर फोन लिंक उघडलं की पडद्यावर चौकोनी क्यूआर कोड येतो, तो मोबाइलने स्कॅन करायचा. मग मोबाइल परवानग्या मागतो. त्यांच्याबद्दल पुढे सांगते, तिथे घाई करू नका. शेवटी ॲपमध्ये कॉल्सचा भाग उघडून तो सुरू करायचा. इथे ब्लूटूथची जोडी लागते आणि तसाच सहा आकडी नंबर दोन्हीकडे येतो. आधी हाताने लावलेली जोडी असेल तर ती दोन्हीकडून काढून टाका आणि ॲपलाच नव्याने लावू द्या. मी जुनी तशीच ठेवली होती, त्यात माझी पहिली दुपार गेली.

यानंतर मोबाइलच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये जाऊन कॉम्प्युटरच्या नावापुढचं चक्र दाबून बघा. तिथे कॉलसाठी, मीडियासाठी, संपर्कांसाठी अशी वेगवेगळी बटणं दिसतात. कॉलचं बटण चालू हवं. ते दिसतच नसेल, तर समजायचं की कॉम्प्युटरने अजून कानाची बाजू घेतलेली नाही. माझ्या दृष्टीने हीच खरी परीक्षा. पडद्यावर "कनेक्टेड" लिहिलंय की नाही याने काही कळत नाही, हे बटण बघितलं की सगळं कळतं.

मग अर्धं काम कॉम्प्युटरच्या आत. मोबाइलचा आवाज कॉम्प्युटरपर्यंत आला, आता तो हेडसेटमध्ये जायला हवा. सेटिंग्जमध्ये साउंड उघडायचं. आउटपुट म्हणून हेडसेट निवडायचा आणि इनपुट म्हणून हेडसेटचाच माइक. ही दुसरी निवड लोक विसरतात. लॅपटॉप असेल तर त्याचा स्वतःचा माइक चालू राहतो, पलीकडच्याला तुमचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो आणि टेबलावर ठेवलेल्या चहाच्या कपाचा आवाज मात्र स्पष्ट. आणखी एक, साउंडच्या जुन्या खिडकीत डिफॉल्ट डिव्हाइस आणि डिफॉल्ट कम्युनिकेशन डिव्हाइस असे दोन मान असतात, दोन्ही हेडसेटलाच द्या. प्रायव्हसीच्या सेटिंगमध्ये माइकची परवानगी चालू आहे का तेही बघा.

माझा पहिला कॉल लागला तो घरी. आई म्हणाली, "आज अगदी शेजारी बसून बोलल्यासारखं ऐकू येतंय." मी तिला तीनदा विचारलं, खरंच का म्हणून.

आयफोनवाल्यांचं थोडं वेगळं. विंडोज ११ वर २०२३ पासून फोन लिंकमधून आयफोनचेही कॉल घेता येतात, तेही ब्लूटूथनेच. ज्यांच्याकडे मॅक कॉम्प्युटर आणि आयफोन आहे, त्यांचे कॉल ब्लूटूथच्या हँड्सफ्रीवरून जात नाहीत. दोन्हीकडे एकच ॲपल खातं आणि एकच वायफाय असलं की आयफोनच्या सेटिंगमधून मॅकवर कॉल घेण्याची परवानगी देता येते, हेडसेट मॅकला लावला की झालं. विंडोजऐवजी लिनक्सवर चालणाऱ्या कॉम्प्युटरवर ब्लूझी आणि पाइपवायर या दोन प्रोग्रॅमच्या जोडीने कॉम्प्युटरला कानाची बाजू देता येते, पण सेटिंगची फाइल हाताने बदलायची तयारी ठेवा.

आता आवाजाकडे येते, कारण माझ्या कामात सगळं त्यावरच आहे. हळदीचा दर क्विंटलला हजारांत, आणि त्यातला एक आकडा चुकला तर शेतकऱ्याचं नुकसान. एकदा एका खरेदीदाराने फोनवर सांगितलेलं "साठ" मी "आठ" ऐकलं. पट्टी छापायच्या आधी अण्णांनी पकडलं म्हणून निभावलं. तेव्हा मला वाटलं, माझंच लक्ष नव्हतं. नंतर कळलं की हे जुन्या पद्धतीच्या कॉलमध्ये कुणाच्याही बाबतीत होऊ शकतं.

"साठ" म्हणा आणि "आठ" म्हणा. दोन्हींत फरक फक्त सुरुवातीच्या "स"चा. "स" हा शिट्टीसारखा, हवेचा आवाज. त्याचा जोर फार वरच्या पट्टीत असतो, सेकंदाला चार हजार कंपनांच्या वर. "आ" मात्र खालच्या पट्टीत, भरदार. ब्लूटूथ कॉलची जुनी रीत आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेते. नमुन्यांचा नियम असा आहे की जितके नमुने, त्याच्या निम्म्या कंपनांपर्यंतचाच आवाज पकडता येतो. म्हणजे ४,०००. "स"चा मोठा भाग त्याच्या वर, तो रस्त्यातच गळतो. उरतं काय? "आठ".

२०११ मध्ये हँड्सफ्री प्रोफाइलची नवी आवृत्ती आली, तिच्यात सेकंदाला १६,००० नमुन्यांची सोय झाली. त्यात "स", "श", "फ" बरेच शाबूत राहतात. पण ही सोय मोबाइल आणि कॉम्प्युटर दोघांकडे असली तरच लागू होते. एकाकडे नसेल तर दोघं गपचूप जुन्या रीतीवर येतात, पडद्यावर काही दिसत नाही. त्यातही कॉल मुळात चांगल्या दर्जाचा यायला हवा. फोरजीवरून जाणारा व्होल्टीचा कॉल रुंद पट्टीत येऊ शकतो. पलीकडचा माणूस टूजीवर असेल, तर तुमचा हेडसेट कितीही भारी असू दे, "स" तिकडेच हरवलेला असतो. पाटाचं पाणी जिथे अडलंय तिथेच अडतं, पुढचा पाट रुंद केला म्हणून वाढत नाही. तेव्हापासून आमच्याकडे आकडा सांगताना "सहा-शून्य, साठ" असं फोड करून सांगायचं ठरलं आहे. हेडसेट असो वा नसो.

गाणी ऐकणाऱ्यांचीही एक तक्रार याच मुळातून येते. ब्लूटूथ हेडफोनवर गाणं छान वाजत असतं आणि कॉल आला की सगळं रेडिओच्या जुन्या स्टेशनसारखं होतं. गाण्याची रीत वेगळी. तिच्यात आवाज एकाच दिशेने जातो, दोन्ही कानांत वेगळा, आणि थोडा उशीर झाला तरी चालतो. कॉलमध्ये आवाज दोन्ही दिशांना आणि लगोलग जायला हवा. तेवढ्या जागेत दोन्ही बसवायचं म्हणून दर्जा कमी होतो आणि दोन्ही कानांत एकच आवाज येतो. हेडफोन बिघडलेला नसतो. आमच्या वायरच्या हेडसेटला हा त्रास नाही, कारण कॉम्प्युटर ते हेडसेट हा टप्पा तारेचा आहे. ब्लूटूथचा टप्पा फक्त मोबाइल ते कॉम्प्युटर एवढाच.

म्हणूनच ज्यांच्याकडे ब्लूटूथचा हेडसेट आहे त्यांना मी स्पष्ट सांगते, तो थेट मोबाइलला जोडा. कॉम्प्युटरला मधे घालू नका. नाहीतर कॉम्प्युटरचं एकच ब्लूटूथ एका बाजूला मोबाइलचा कान होणार, दुसऱ्या बाजूला हेडसेटचं दार होणार, आणि आवाज दोनदा हवेतून जाणार. उशीर वाढतो, आवाज तुटतो. हल्ली बरेच हेडसेट एकाच वेळी मोबाइल आणि कॉम्प्युटर दोन्हींना जोडून राहतात, त्याला मल्टिपॉइंट म्हणतात. नवा घ्यायचाच असेल तर ते बघून घ्या. हा लेख ज्यांच्याकडे वायरचा चांगला हेडसेट पडून आहे त्यांच्यासाठी.

आमच्या शेजारच्या गाळ्यात हेच करून दिलं, तर तिथे आवाज खरखरायला लागला. तिथल्या कॉम्प्युटरला ब्लूटूथ नव्हतं म्हणून त्यांनी यूएसबीला लावायचं नखाएवढं डोंगल आणलं होतं आणि ते लावलं होतं सीपीयूच्या मागे. सीपीयू टेबलाखाली, भिंतीला टेकवलेला, पत्र्याचा डबा. ब्लूटूथ बोलतं २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवर, आणि पत्रा त्या लहरी अडवतो. साधारण दहा मीटरची ताकद असलेलं यंत्र पत्र्याआड ठेवलं की तीन मीटरलाही धाप टाकतं. माणसाचं शरीरही या लहरी शोषून घेतं, कारण आपल्यात पाणी जास्त. मोबाइल मागच्या खिशात आणि कॉम्प्युटर पुढ्यात, असं असेल तर तुम्ही स्वतःच मधे उभे आहात.

त्यात दुसरी गंमत निघाली. डोंगल निळ्या रंगाच्या यूएसबी पोर्टाशेजारी होतं आणि त्या निळ्या पोर्टात हार्ड डिस्क लावलेली होती. निळा पोर्ट सहसा यूएसबी ३चा. त्यातून माहिती जोरात वाहायला लागली की २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट तयार होतो. इंटेलने २०१२ मध्ये यावर एक लेख काढून हे दाखवून दिलं होतं. म्हणजे आमच्या शेजाऱ्यांचा कॉल खरखरायचा तो नेमका हिशेबाचा बॅकअप चालू असताना. हातभर लांब यूएसबीची एक्स्टेंशन वायर आणली, डोंगल टेबलावर मॉनिटरच्या कडेला आणून ठेवलं, खरखर थांबली. नवा हेडसेट घ्यायला निघाले होते ते.

वायफायही याच पट्टीत असतं. पण ब्लूटूथने त्यावर चांगला तोडगा काढलाय. ती पट्टी ७९ अरुंद वाटांमध्ये वाटून घेतलेली असते आणि दोन्ही यंत्रं ठरलेल्या क्रमाने सेकंदाला १,६०० वेळा वाट बदलतात. २००३ नंतरच्या आवृत्त्यांमध्ये ज्या वाटेवर गर्दी दिसते ती वाट गाळूनही टाकतात. मार्केट यार्डाच्या गर्दीत हमाल पाठीवर पोतं घेऊन कसा जातो ते बघितलंय? जिथे ट्रक उभा दिसला, तिथून पुढच्या खेपेला तो जातच नाही. तसंच हे. पण वाटच जर पाच-सहा गाळ्यांच्या वायफायने भरून गेली असेल, तर राउटर ५ गिगाहर्ट्झवर न्यायचा. आमच्या पेढीत तेवढ्यानेच बराच फरक पडला.

परवानग्यांबद्दल सांगते म्हटलं होतं. पेढीच्या कॉम्प्युटरवर आम्ही तिघं बसतो. फोन लिंकने मोबाइलकडे कॉल, संपर्क, मेसेज, फोटो, नोटिफिकेशन अशा बऱ्याच गोष्टी मागितल्या. सगळ्याला "हो" म्हटलं असतं तर माझ्या बँकेचे ओटीपी आणि घरचे फोटो पेढीच्या पडद्यावर आले असते. मी फक्त कॉल आणि संपर्क एवढ्यालाच हो म्हटलं. बाकी नाकारलं तरी कॉल चालतात. कॉम्प्युटर दुसऱ्याचा असेल, सायबर कॅफेतला असेल, तर हे करूच नका.

ती सहा आकडी नंबराची गोष्टही इथेच समजून घ्या. पूर्वी बाजारात रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव ठरायचे. भोवती माणसं उभी, पण आत काय ठरलं ते दोघांनाच ठाऊक. जोडी लावताना ब्लूटूथची यंत्रंही असंच करतात. आपापसात एक गुप्त किल्ली बनवतात, ती पडद्यावर कधीच दिसत नाही. सहा आकडे त्या किल्लीचे नाहीत. मधे तिसरंच कुणी घुसून दोघांशी खोटं बोलत नाही ना, एवढं तपासायला ते असतात. म्हणून दोन्ही नंबर खरंच वाचून "हो" म्हणा. आणि किल्ली एकदा बनली की दोन्हीकडे साठून राहते. कॉम्प्युटर विकताना, दुरुस्तीला देताना किंवा नोकरी सोडताना मोबाइलमधून कॉम्प्युटर काढा, कॉम्प्युटरमधून मोबाइल काढा. एकीकडूनच काढलं तर दुसरीकडे अर्धी आठवण उरते आणि पुढच्या वेळी जोडी लागताना विनाकारण अडचण येते.

व्हॉट्सॲपचे कॉल या वाटेने घ्यायला जाऊ नका. फोन लिंक मोबाइलच्या साध्या कॉलसाठी आहे. व्हॉट्सॲपचं कॉम्प्युटरवर वेगळं ॲप मिळतं, त्यात थेट हेडसेट निवडता येतो, ब्लूटूथ मधे लागतच नाही.

राहिला प्रश्न उठून जाण्याचा. अण्णांनी माझं बघून त्यांच्या टेबलावरही हे करून घेतलं, पण त्यांचा पाय एका जागी ठरत नाही. सौदा पुकारला की ते उठतात. बोलता बोलता मोबाइल खिशात घालून बाहेर गेले की दोन भिंतींपलीकडे ब्लूटूथ तुटतं आणि कॉल मोबाइलवर येतो. मधल्या दोन-चार सेकंदांत पलीकडच्याला काहीच ऐकू येत नाही, त्याला वाटतं फोन कट झाला. त्यापेक्षा फोन लिंकच्या कॉलच्या खिडकीत कॉल मोबाइलवर घ्यायचं बटण असतं, यूज फोन नावाचं. उठायच्या आधी ते दाबलं की बोलणं न तुटता मोबाइलवर येतं. अण्णांना मी ते बटण दाखवून ठेवलंय. आता बाहेरून पुकारा ऐकू आला की ते म्हणतात, "एक मिनिट हं, थांबा," बटण दाबतात, हेडसेट मॉनिटरच्या कोपऱ्याला अडकवतात आणि मोबाइल कानाला लावून हळदीच्या राशीकडे चालू लागतात.